रेडिओ आणि संगणक बोलेनासे होतात तेव्हा

कवीला आकाशवाणीवर बोलावलं म्हणजे तो गझल ऐकवणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मात्र मी एका केबलीबद्दल बोलणार आहे. तिच्या एका टोकाला रेडिओ असतो, दुसऱ्या टोकाला संगणक, आणि पुष्कळदा दोघांचा अबोला असतो.

हा रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे. हौशी मंडळी सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन ज्यावरून एकमेकांशी बोलतात तो, 'हॅम' म्हणतात तो. बी.ए. झालेला माणूसही ती परीक्षा पास होतो, याचा पुरावा तुमच्याशी बोलतो आहे. मी या नादाला लागलो ते निसर्ग चक्रीवादळानंतर. 3 जून 2020 रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब पडले, मोबाइल मुके झाले. श्रीवर्धनकडे राहणाऱ्या माझ्या आपाची खुशाली मला चौथ्या दिवशी एका टेम्पोवाल्याकडून कळली. ते चार दिवस मी विसरलेलो नाही.

हॅम रेडिओला संगणक जोडला की टाइप केलेला मजकूर ध्वनीच्या रूपात दूरवर धाडता येतो. नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत 2017 मध्ये आणलेली 'एफटी-8' ही पद्धत तर इतक्या क्षीण संदेशातूनही अक्षरं वेचते की कानाला तिथे नुसती खरखर ऐकू येते. पण त्यासाठी संगणकाने रेडिओला सांगावं लागतं की अमुक फ्रिक्वेन्सीवर जा, आता बोल, आता थांब. हे सांगणं होतं ते सीरियल जोडणीतून. म्हणजे शून्य आणि एक, एकामागून एक, अरुंद बोळातून माणसं जावीत तसे. या वेगाला 'बॉड' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच तारयंत्र अभियंते एमिल बोदो यांच्या नावावरून ते आलं.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या मंडळींनी आपत्कालीन संदेशांची रंगीत तालीम ठरवली होती. आदल्या संध्याकाळी नेमका आमच्या केंद्रावरचा रेडिओ संगणकाला दाद देईना. आमच्यातल्या एका तरुणाने दोन केबली बदलल्या, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, आणि आता रेडिओ दुरुस्तीला पुण्याला पाठवू म्हणू लागला. तेवढ्यात दादा आले. दादा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले.

"शायर, डिझेल आहे का ते न बघता इंजिन उघडताय की काय?" ते मला म्हणाले.

त्यांनी पहिलं काम केलं ते रेडिओ बाजूला सारण्याचं. बिघाड नेमका कुठल्या अर्ध्यात आहे, ते आधी ठरवायचं. यूएसबी कन्व्हर्टरच्या नऊ पिनांच्या टोकावर दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना त्यांनी तांब्याच्या तुकड्याने जोडल्या. एक पाठवायची, दुसरी घ्यायची. मग टर्मिनल प्रोग्राम उघडून अक्षरं टाइप केली. सगळं ठीक असेल तर टाइप केलेलं पडद्यावर परत उमटतं. आमचं उमटलं नाही. म्हणजे रेडिओ निर्दोष. पुण्याचा खर्च तिथेच वाचला.

दोष कन्व्हर्टरमधल्या चिपचा होता. ती नकली निघाली आणि विंडोजच्या नव्या ड्रायव्हरने तिला ओळख नाकारली. नकली चिपांचं हे दुखणं जुनं आहे. 2014 मध्ये एफटीडीआय कंपनीच्या एका ड्रायव्हरने तर नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता. ओरड झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. ज्या ग्राहकाने भाबडेपणाने वस्तू विकत घेतली त्याला शिक्षा देण्याची ही रीत मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही.

दुसरा कन्व्हर्टर लावला, अक्षरं परत आली. मग रेडिओ जोडण्याआधी दादांनी मधली छोटी पट्टी तपासली. संगणकाच्या नऊ पिनांच्या जुन्या पद्धतीत 'एक' म्हणजे उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट, आणि 'शून्य' म्हणजे अधिक तीन ते अधिक पंधरा. आमच्या रेडिओला मात्र शून्य आणि पाच व्होल्टच कळतात. मधे दुभाषा नसेल तर अर्थाचा अनर्थ होतो, शिवाय रेडिओचा पोर्ट जळू शकतो. आमचा दुभाषा जागेवर होता.

तरीही शांतताच. मग पाळी वेगाची. रेडिओच्या मेन्यूत 4800, प्रोग्राममध्ये 38400. एकाने विलंबित लयीत म्हणावं आणि दुसऱ्याने द्रुत लयीत ऐकावं, तसा प्रकार. वेग जुळवला आणि पडद्यावर फ्रिक्वेन्सी झळकली.

इथे एक खूण सांगून ठेवतो. काही रेडिओ बटण फिरवताच आपली फ्रिक्वेन्सी आपणहून कळवतात. तेव्हा पडद्यावर अगम्य अक्षरांचा कचरा आला तर खट्टू होऊ नका. वायर शाबूत आहे, बहुधा फक्त वेग चुकतो आहे. आयकॉमच्या ज्या रेडिओंना एकाच तारेवरून बोलणं आणि ऐकणं करावं लागतं, तिथे उलट फसगत होते. संगणकाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो आणि माणसाला वाटतं रेडिओने उत्तर दिलं. प्रत्येक रेडिओचा पत्ता असतो, तो प्रोग्राममध्ये चुकीचा असला तर रेडिओ गप्पच राहतो.

आम्ही खुशीत प्रोग्राम सुरू केला आणि रेडिओचा लाल दिवा लागला. कोणी काही न पाठवता रेडिओ प्रक्षेपण करू लागला होता! दादांनी आधीच अँटेनाऐवजी डमी लोड लावून ठेवला होता, म्हणून ते बाहेर गेलं नाही. पोर्ट उघडताना अनेक प्रोग्राम 'आरटीएस' नावाची एक तार उंचावतात, आणि आमच्या केबलीत त्याच तारेवर बोलण्याचा खटका बांधलेला होता. सगळ्या बिघाडांत मला हाच भयंकर वाटतो. अबोला निदान आपल्यापुरता असतो. पण वादळात, एकाच फ्रिक्वेन्सीवर दहा गावं कान देऊन बसली असताना, कुणाचा तरी रेडिओ असा मुकाट्याने चालू राहिला तर बाकी कुणाला तोंड उघडता येत नाही. प्रोग्राममध्ये ती तार खाली राहील अशी सेटिंग केली, आणि बोलण्याचा हुकूम आज्ञेतूनच द्यायचा ठरलं.

शेवटचा त्रास अँटेना जोडल्यावर. दहा वॅटला सगळं सुरळीत, शंभर वॅटला जोडणी तुटायची. अँटेनाच्या लहरी केबलीत शिरत होत्या. केबल फेराइटच्या कड्यातून चार-पाच वेळा ओवून घेतली, तेव्हा थांबलं. नव्या रेडिओंना सरळ यूएसबी असते, कन्व्हर्टर आतच असतो. पण ड्रायव्हर, वेग आणि लहरींचा उपद्रव तिथेही चुकत नाही.

रात्री साडेअकराला दादांनी संगणकाच्या एका यूएसबी जागेवर रंगाचा ठिपका दिला, कारण केबल दुसरीकडे लावली की पोर्टचा क्रमांक बदलतो. मग वहीचं पान फाडून त्यावर वेग, पोर्ट, आरटीएस असं सगळं माझ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं आणि रेडिओच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. शेजारी तो तांब्याचा तुकडा, दोऱ्याने बांधून. वीज गेल्यावर इंटरनेटवर शोधायची सोय नसते. सकाळी सहाला पहिला संदेश गेला, दहा मिनिटांत पोच आली.