दिशांचीं नांवें आणि होकायंत्राची सुई



घर हवेशीर आहे, भाडें बेताचें आहे, शेजारही चांगला आहे. परंतु दार दक्षिणेला उघडतें, एवढ्याच कारणानें तें घर नाकारणारीं कुटुंबें आपणांपैकीं अनेकांच्या परिचयाचीं असतील. एरवीं प्रत्येक गोष्ट पारखून घेणारे गृहस्थही या उंबऱ्यापाशीं घुटमळतात. दक्षिण ही यमाची दिशा, असें लहानपणापासून कानांवर पडलेलें असतें. म्हणून आज या दिशांचें थोडें कुलवृत्त पाहूं.

दिशा ओळखण्याचें पहिलें साधन म्हणजे मनुष्याचें स्वतःचें शरीर. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभें राहिलें, कीं पुढची ती पूर्व आणि मागची ती पश्चिम. उजव्या हाताला येते ती दक्षिण. कारण संस्कृतांत 'दक्षिण' म्हणजे उजवा. देवाला उजव्या हाताशीं ठेवून आपण प्रदक्षिणा घालतों, ती याच अर्थानें. अरबी भाषेंतही उत्तर व डावा या शब्दांचें मूळ एकच आहे.

तमिळ लोकांनीं मात्र जमिनीचा उतार पाहिला. त्यांच्या 'किळक्कु' म्हणजे पूर्व या शब्दांत 'खालची' हा अर्थ आहे, आणि 'मेर्कु' म्हणजे पश्चिम या शब्दांत 'वरची' हा. त्यांचा देश पश्चिमेच्या घाटांपासून पूर्वेच्या समुद्राकडे उतरत जातो. गंमत अशी, कीं केरळांत डोंगर पूर्वेला असूनही मल्याळी मनुष्य पूर्वेला 'किळक्कु'च म्हणतो! हा शब्द घाटापलीकडच्या भूमीवर घडलेला असावा, असें अनुमान विद्वानांनीं यावरून काढलें आहे. भूमि बदलली, तरी शब्द टिकला.

आपलीही स्थिति कांहींशी तशीच आहे. इ. स. १५० च्या सुमारास कोरलेल्या रुद्रदामनाच्या गिरनार येथील लेखांत सातकर्णीला 'दक्षिणापथपति' म्हटलें आहे. 'दख्खन' हें नांव त्याच शब्दापासून आलें. नर्मदेच्या उत्तरतीरावरून पाहणाऱ्याला आपण दक्षिणेचे. मदुरेच्या मनुष्याला आपण उत्तरेचे. ज्या देशाचें नांवच दक्षिण, तेथें आपण दक्षिणेच्या दाराला भितों!

समुद्रावर तर उतारही नसतो आणि खुणेचें झाडही नसतें. प्राचीन व्यापारी जहाजावर एक पक्षी नेत. किनारा दिसेनासा झाला, कीं त्याला सोडीत. जवळ भूमि असली तर तो तिकडे जाई, नसली तर जहाजावर परत येई. पाली दीघनिकायांत ही चाल दृष्टांत म्हणून आली आहे. पुढें चीनमधील झू यू यानें इ. स. १११९ च्या सुमारास लिहून ठेवलें, कीं नाविक रात्रीं तारे पाहतात, दिवसा सूर्य पाहतात, आणि आभाळ भरून आलें म्हणजे दक्षिणदर्शक सुई पाहतात.

'दक्षिणदर्शक' हा शब्द लक्षांत घेण्याजोगा आहे. सुई तीच, तिचें एक टोक उत्तरेकडे, दुसरें दक्षिणेकडे. युरोपीय नाविकानें उत्तरेचें टोक मुख्य मानलें, चिनी नाविकानें दक्षिणेचें. चीनचा सम्राट् दक्षिणेकडे तोंड करून सिंहासनावर बसे, आणि इ. स. १४२० मध्यें पुऱ्या झालेल्या पेकिंगच्या राजवाड्याचें मुख्य द्वारही दक्षिणेलाच आहे. आपण टाळतों ती दिशा तेथें मानाची ठरली. दूर कशाला, आपल्याकडेही दक्षिणमुखी मारुति विशेष जागृत मानतातच कीं!

शेन कुओ या चिनी पंडितानें इ. स. १०८८ च्या सुमारास आणखी एक गोष्ट नमूद केली: सुई नेमकी दक्षिणेकडे न राहतां किंचित् पूर्वेकडे झुकते. म्हणून पुढील काळांतील नाविकांनीं सुई फेंकून दिली नाहीं. ती कोठें किती झुकते याची नोंद ठेवली, आणि तेवढा फरक हिशेबांत धरून जहाज हांकलें.

वडिलांकडून आलेल्या समजुतींविषयींही हीच रीत बरी. घर पाहतांना दाराची दिशा अवश्य पाहावी. वारा कोठून येतो, पाऊस कोठून झोडपतो, हें तिच्यावरून कळतें. मकरसंक्रांतीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि त्याचें उबदार ऊन दक्षिणेच्याच दारानें घरांत येतें. तेवढें ध्यानांत घेऊन मग उंबरा ओलांडावा कीं नाहीं, तें ठरवावें.