पोराला कोणता धंदा लावावा?

(केज तालुक्यांतील पालकांच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



दहावीचा निकाल लागला कीं आपल्या तालुक्यांत घरोघर एकच प्रश्न पडतो, पोरानें पुढें काय करावें? पूर्वीं हा प्रश्नच नव्हता. सुताराच्या पोरानें वाकस धरावा, चांभाराच्या पोरानें रापी धरावी, कुणब्याच्या पोरानें रुमणें धरावें; जन्माबरोबरच धंदा ठरला. बलुतेदारीनें माणसाचा कल कधीं विचारला नाहीं. आज तो विचारतां येतो ही मोठी कमाई आहे, आणि ती फुकट मिळालेली नाहीं. परंतु विचारण्याची संवय मात्र आपल्याला अजून लागलेली नाहीं. शेजाऱ्याचा पोरगा जिकडे गेला तिकडे आपला, हा आपला हिशेब!

या हिशेबाचें फळ डी.एड.च्या बाबतींत आपण भोगलें. एका काळीं मास्तरकी म्हणजे हमखास भाकरी. मग कॉलेजें कुत्र्याच्या छत्र्यांसारखीं उगवलीं. कोणी बैल विकले, कोणी एकरभर रान गहाण टाकलें, आणि पोरांना पदविका मिळाली. पुढें शिक्षकभरती कित्येक वर्षें अडली. २०१३ सालीं पात्रता परीक्षा आली, २०१७ च्या डिसेंबरांत अभियोग्यता चाचणी आली. तोंवर कित्येकांचें वय निघून गेलें. तीं मुलें आळशी नव्हतीं. जागा किती निघतात व उमेदवार किती, हें फी भरण्यापूर्वीं घरांत कोणीं विचारलें नाहीं, एवढेंच. आज तोच घोळका पोलीसभरतीच्या व स्पर्धापरीक्षांच्या मागें आहे. जाऊं नका असें मी म्हणत नाहीं. पण किती वर्षें जावयाचें हें बापलेकांनीं पहिल्याच दिवशीं ठरवावें, आणि त्या मुदतींत दुसरें एक काम हाताला लागलेलें असावें.

महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत गांवच्या शाळेंत मोडी-बाळबोध व हिशेबाबरोबर शेतीचेंहि प्राथमिक ज्ञान द्यावें अशी मागणी केली. स्वतः जोतीराव ठेकेदारी करून पोट भरीत. ज्याला विद्या व हात दोन्ही आहेत त्याला कोणाचें मिंधें व्हावें लागत नाहीं, हें त्यांनीं जगून दाखविलें.

आपल्याच गांवांत पाहा. बोअरची मोटार जळली कीं वायंडिंगवाल्याच्या दारांत चार बागाईतदार ताटकळत बसतात. त्या वेळीं त्याची जात कोणी विचारीत नाहीं. आयटीआयमध्यें वीजतंत्रीचा अभ्यास दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. पण तेथेंहि मेंढरासारखें जाऊं नये. अर्ज भरण्यापूर्वीं पोराला पंधरा दिवस एखाद्या गॅरेजवर किंवा वर्कशॉपवर नुसता मदतीला ठेवा. काळे हात घेऊन घरीं आल्यावर तो जेवतांना काय बोलतो तें ऐका. यंत्राच्या गोष्टी सांगूं लागला तर काम जमलें. नुसतें अंग दुखतें म्हणाला तर आणखी आठ दिवस पाहा. मग मात्र त्याला छळूं नका.

शेतीच करावयाची म्हणणारा पोरगा मला आवडतो, पण त्यानें आधीं पाणी मोजावें. मांजरा धरण आपल्याच तालुक्यांत, धनेगांवला आहे. तें आटलें आणि २०१६ च्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. धरणाच्या शेजारीं राहून जो उसाच्या भरंवशावर कर्ज काढतो त्यानें तें वर्ष विसरूं नये.

आतां जें बोलण्यासाठीं मी मुख्यतः उभा आहें तें सांगतों. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून आपलीं माणसें कारखान्याकडे जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घरांत आली, खर्च झाली, आणि फिटली नाहीं तर पुढच्या सालावर चढली. मग सोळा वर्षांच्या पोराचा कोयता पुरा व्हावा म्हणून त्याचें लग्न लावतात, आणि सातवी-आठवींतली हुशार पोर शाळेंतून उठते. तिला कोणतें काम आवडतें हें कोणीं विचारलें? पोराच्या धंद्यासाठीं चार जणांचा सल्ला घेणारा बाप पोरीचा धंदा मुकादमावर सोपवितो! उचल घेण्यापूर्वीं तिला नातेवाइकाकडे किंवा वसतिगृहांत ठेवण्याची सोय करा.

आणखी एक. धंदा निवडणें एकट्या पोराच्या हातांत नसतें; गिऱ्हाईक गांवाला द्यावें लागतें. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०२ सालीं नोकऱ्यांत मागासलेल्यांना शेंकडा ५० जागा राखल्या, तेवढ्यावर ते थांबले नाहींत. कोल्हापुरांत गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांनीं चहाचें दुकान काढलें, तेव्हां महाराज तेथें जाऊन स्वतः चहा प्याले व बरोबरच्यांनाहि पाजला. आपल्या गांवांत मांगाच्या पोरानें उपाहारगृह काढलें तर येथें बसलेल्यांपैकीं किती जण तेथें भजीं खातील? उत्तर मला नको, घरीं जाऊन एकमेकांना द्या.

ज्यांना आयटीआयचा अर्ज भरावयाचा आहे त्यांनीं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि असल्यास जातीचा दाखला घेऊन सोमवारीं शाळा सुटल्यावर यावें. अर्ज मी भरून देईन. मुलींनाहि घेऊन या.