तोतयाचें नवें बंड



पुणें शहराला तोतया नवा नाहीं. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांत किंतु राहिला, आणि त्या किंतूच्या आधारावर एका परप्रांतीय इसमानें ‘भाऊ तो मीच’ असा पुकारा केला. त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यांत अटकेंत ठेवण्यांत आलें. तरीहि पुढें तो तेथून सुटला, कोंकणांत त्यानें फौज जमविली, किल्ले घेतले, आणि अखेर १७७६ सालीं हातीं लागून पुण्यांत त्याला देहान्त शासन झालें. नरसिंह चिंतामण केळकरांच्या ‘तोतयाचें बंड’ या नाटकामुळें ही हकीकत आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल.

त्या हकीकतींतील एकच गोष्ट आज मला हवी आहे. नुसत्या चेहऱ्याच्या साम्यावर फौज उभी राहत नाहीं. भाऊसाहेब जिवंत असावेत असें कित्येकांना मनापासून वाटत होतें, म्हणून त्या इसमाला माणसें मिळालीं. तोतयाचें निम्मे काम ऐकणाऱ्याचें मनच करीत असतें. आज आपल्या घरोघरीं टेलिफोनवरून जो तोतया येतो तो मात्र आशेवर जगत नाहीं, भीतीवर जगतो. त्याच्याकडे वळण्यापूर्वीं याच शहरांत घडलेल्या एका मोठ्या चोरीची आठवण करून देणें अवश्य आहे. कारण दोन्हींची तुलना केल्यावांचून मला काय म्हणावयाचें आहे तें स्पष्ट व्हावयाचें नाहीं.

१९०६ सालीं पुण्यांत स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक आपणां सर्वांस ठाऊक आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, कांहीं तासांच्या अवधींत या बँकेच्या कार्डांच्या बनावट नकला वापरून जगांतील २८ देशांत एटीएममधून पैसे काढण्यांत आले. परदेशांतून गेलेली रक्कम सुमारें ७८ कोटि रुपये होती. खुद्द आपल्या देशांत, कोल्हापुरासारख्या ठिकाणीं, सुमारें अडीच कोटि निघाले. मग सोमवारीं, १३ तारखेस, बँकाबँकांमध्यें निरोप नेणाऱ्या ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेंतून हाँगकाँगच्या एका बँकेंतील खात्यावर आणखी १३ कोटि ९२ लक्ष पाठविले गेले. एकंदर ९४ कोटि ४२ लक्ष. कोठें कुलूप तुटलें नाहीं कीं पहारेकरी जखमी झाला नाहीं.

हें घडलें कसें? आपण एटीएम यंत्रांत कार्ड घालतों तेव्हां तें यंत्र स्वतःच्या अकलेनें कांहींच ठरवीत नाहीं. ‘अमक्या कार्डावर अमुक रक्कम द्यावी काय?’ असा प्रश्न तें दूरवर पाठवितें. तो प्रश्न बँकेच्या ज्या संगणकाकडे येतो त्याला ‘स्विच’ म्हणतात. हा स्विच खात्यांतील शिल्लक पाहून ‘द्या’ किंवा ‘देऊं नका’ असें उत्तर धाडतो आणि त्याप्रमाणें नोटा बाहेर येतात. चोरट्यांनीं बँकेच्या यंत्रणेंत शिरकाव करून या खऱ्या स्विचच्या जागीं आपला एक खोटा स्विच उभा केला. बाहेरून येणारे प्रश्न त्या खोट्याकडे जाऊं लागले आणि तो प्रत्येकास ‘द्या, द्या’ म्हणत सुटला. खऱ्याला कांहीं विचारलेंच गेलें नाहीं. म्हणजे हाहि तोतयाच. फरक इतकाच कीं, या खेपेला तो माणूस नसून यंत्र होता आणि त्यानें यंत्रांनाच फसविलें.

पुढें एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें या प्रकरणीं अकरा जणांना दोषी ठरविलें. तथापि हे सारे येथले हात. डोकें कोठें असावें याविषयीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीच्या तज्ज्ञमंडळानें २०१९ च्या आपल्या अहवालांत उत्तर कोरियाकडे बोट दाखविलें. नारायण पेठेंतील एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या बँकेवर प्याँगयाँगहून डोळा असावा, ही गोष्ट पचनीं पडावयास जड आहे खरी!

परंतु या चोरींत ठेवीदाराचा एक पैसाहि बुडाला नाहीं. पैसा गेला तो बँकेचा गेला आणि तोटा बँकेनेंच सोसला. हें लक्षांत ठेवून आतां दुसऱ्या तोतयाकडे पाहूं.

त्याची रीत आतां बहुतेकांना ऐकून ठाऊक झाली आहे. फोन येतो. ‘आपल्या नांवाच्या पार्सलांत अमली द्रव्यें सांपडलीं आहेत’, किंवा ‘आपल्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यांतून गैरव्यवहार झाला आहे’. मग पडद्यावर पोशाखांतला अधिकारी दिसतो, त्याच्यामागें सरकारी बोधचिन्ह असतें, कधीं कधीं न्यायासनहि मांडलेलें असतें. आपणांस ‘डिजिटल अटक’ झाली असून कॅमेऱ्यासमोरून हलावयाचें नाहीं, कोणाशीं बोलावयाचें नाहीं, असें बजावण्यांत येतें. आणि अखेरीस ‘तपासणीसाठीं’ सर्व ठेवी अमक्या खात्यांत भरा, निर्दोष ठरलांत कीं परत मिळतील, असा हुकूम सुटतो. वस्तुतः कोणाला घरांत बसवून पडद्यावरून अटक करावी अशी तरतूद आपल्या कायद्यांत कोठेंहि नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं आपल्या आकाशवाणीवरील भाषणांत हेंच सांगितलें होतें. १ डिसेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोंपविला. इतकी दवंडी पिटूनहि माणसें फसतातच.

येथें आपल्याकडे एक मत फार सहज बोलून दाखविलें जातें. वर्तमानपत्रांत बातमी येते, आणि चहाबरोबर आपण म्हणतों, ‘एवढा शिकलेला माणूस, हुद्द्यावर होता, फसला कसा?’ मला हा प्रश्नच उलटा वाटतो. शिकलेला आहे म्हणूनच तो या जाळ्यांत सांपडतो. जन्मभर त्यानें सरकारी कागद आला कीं मुदतींत उत्तर दिलें. कर वेळेवर भरला. पोलीस चौकीची पायरी कधीं चढला नाहीं, आणि त्यामुळें आंत काय चालतें व काय चालत नाहीं हें त्याला मुळींच ठाऊक नाहीं. मंडईंतील भाजीवालीला असा फोन आला तर ती आधीं शेजारणीला हाक मारील, आणि दोघी मिळून त्या अधिकाऱ्याचा उद्धार करतील. कोथरूडच्या सदनिकेंत एकट्या राहणाऱ्या, मुलें कॅलिफोर्नियांत असलेल्या निवृत्त गृहस्थाला हाक मारावयास शेजारी असतो, पण तोंड उघडत नाहीं. अब्रू आड येते. ‘कोणाला सांगूं नका’ हा तोतयाचा हुकूम या माणसाला अगदीं आंतून पटतो. त्याला खरें असो खोटें असो, आपलें नांव अशा भानगडींत आलें हेंच कोणाला कळूं द्यावयाचें नसतें.

आतां पैशाचा प्रश्न. २०१७ सालीं रिझर्व्ह बँकेनें असे नियम घातले कीं, बँकेच्या चुकीमुळें पैसा गेला तर ग्राहकाला तोशीस लागूं नये. तिऱ्हाइताच्या करणीमुळें गेला आणि तीन कामाच्या दिवसांत कळविलें तरीहि लागूं नये. परंतु ग्राहकानेंच आपला गुप्त क्रमांक दुसऱ्याला सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचा तोटा त्याचा त्यानें सोसावा. ही विभागणी वरवर न्याय्य दिसते. पण ‘डिजिटल अटकें’त पैसा स्वतः खातेदारच, आपल्या हातानें, आपल्या सहीनें पाठवितो. म्हणजे बँकेच्या स्विचला कोणी फसविलें तर तोटा बँकेचा, आणि बँकेच्या वृद्ध खातेदाराला फसविलें तर तोटा खातेदाराचा! यंत्राला जी क्षमा आहे ती माणसाला नाहीं.

यावर बँकेच्या बाजूनें उत्तर तयार असतें: खातेदारानें स्वतः हुकूम दिला, आम्हीं तो पाळला. पण तें पुरें नाहीं. सत्तरी ओलांडलेला मनुष्य, ज्यानें वीस वर्षें ठेवीला हात लावला नाहीं, तो एका दुपारीं सगळ्या मुदतठेवी मोडतो आणि ज्या खात्याशीं त्याचा आजवर कधीं संबंध आला नाहीं त्यांत ती रक्कम लोटतो. हें विपरीत आहे, हें समजावयास ज्योतिषी नको. बँकेच्या संगणकाला हें त्याच क्षणीं दिसतें. त्यानें थांबावें, विचारावें, एक रात्र जाऊं द्यावी. रुग्णालयांत पैसे तातडीनें भरावयाचे असतील तेव्हां ही दिरंगाई जाचेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून सरसकट नव्हे, तर अनोळखी खात्यावर जाणाऱ्या मोठ्या रकमेपुरतीच ती असावी. व्यवस्था बदलतां येत नाहीं असेंहि नाहीं. यूपीआयवरून एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवावी अशी एक सोय होती. भामट्यांनीं तिचा फार उपयोग करून घेतला, तेव्हां १ ऑक्टोबर २०२५ पासून ती बंद करण्यांत आली. ब्रिटनमध्यें तर ७ ऑक्टोबर २०२४ पासून याहून पुढचें पाऊल पडलें आहे. तेथें ग्राहकानें फसून स्वतः पैसे पाठविले असले तरी, कांहीं अपवाद वगळतां, ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांना करावी लागते, आणि ती पाठविणाऱ्या व घेणाऱ्या बँकेनें निम्मी निम्मी सोसावयाची असते. घेणाऱ्या बँकेलाहि झळ लागली म्हणजे मग तोतयाला खातें उघडून देतांना ती दोनदां पाहते.

दुसरें एक मत वडीलधाऱ्यांच्या बैठकींत ऐकूं येतें, कीं हा मोबाईल फोनच नको, पुनः पासबुक आणि पैसे काढण्याची चिठ्ठी बरी. त्यांतला वैताग समजण्यासारखा आहे. पण नोव्हेंबर महिन्यांत हयातीचा दाखला देण्यासाठीं बँकेच्या जिन्यावर काठी टेकीत उभे राहणारे पेन्शनर ज्यांनीं पाहिले आहेत, ते असें म्हणावयाचे नाहींत. २०१४ पासून तो दाखला डिजिटल पद्धतीनें देतां येऊं लागला आणि पुष्कळांचा तो जिना चुकला. शिवाय फोन टाकून देऊन तोतया टळत नाहीं. तो साध्या टेलिफोनवरहि बोलूं शकतो.

घरांत करावयाचें तें थोडकें आहे. असा फोन आला तर तो ठेवून द्यावा, आणि त्या खात्याचा क्रमांक स्वतः शोधून आपण फोन करावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. येथें घटकेघटकेला महत्त्व आहे, कारण गेलेला पैसा एका जागीं थांबत नाहीं. तो भाड्यानें घेतलेल्या दहा खात्यांत फुटतो, तेथून पुढें आणखी फुटतो, आणि जेथवर तो पोंचला असेल तेथवरच गोठवितां येतो. बहुतेकांचा उशीर होतो तो क्रमांक ठाऊक नसल्यामुळें नव्हे. मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, या विचारांत एक रात्र जाते. त्या रात्रींत पैसा हाताबाहेर जातो.

तेव्हां रविवारीं परगांवच्या किंवा परदेशच्या मुलांशीं बोलणें होईल त्या वेळीं हा विषय एकदां आधींच काढून ठेवावा, आणि घरांतल्या घरांत ओळखीचा एखादा शब्द ठरवावा. मुलांनींहि, आईवडिलांनीं कधीं असें कांहीं घडल्याचें सांगितलें, तर ‘किती गेले?’ हा प्रश्न मागाहून विचारावा; आधीं ‘किती वाजतां गेले?’ हें विचारून १९३० वर फोन करावा.