पालव्यावर एक रात्र
(मंडळाच्या कोजागिरी संमेलनात केलेले भाषण)



सरकारी चाकरीत केस पिकविलेल्या माणसाने पंचतारांकित हॉटेलावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना, विशेषतः लेखापरीक्षण खात्यातील मंडळींना, नवल वाटले असेल. म्हणून आरंभीच खुलासा करतो. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आम्ही उभयतांनी जी एक रात्र काढली, तिचे बिल आमच्या कन्येने भरले. आमच्या विवाहाला 30 वर्षे झाली, त्यानिमित्त तिने परस्पर खोली राखून ठेवली आणि मग आम्हांस कळविले.

स्वागतकक्षातील तरुणीने मोठ्या अदबीने विचारले, ‘‘पूर्वी कधी आमच्याकडे उतरला होतात का?’’ मी ‘नाही’ म्हटले. उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा, म्हणजे माझे वडील, आम्हां तिघा भावंडांना घेऊन पालव्याला जात. अपोलो बंदराला आमच्याकडची जुनी माणसे पालवाच म्हणत. चणे-शेंगदाणे संपेपर्यंत समुद्राच्या कठड्याशी बसावयाचे, कबुतरे पाहावयाची आणि मग समुद्राकडे पाठ करून समोरची ती करड्या दगडाची, तांबड्या घुमटाची इमारत न्याहाळावयाची. आत जाण्याचा हट्ट मी एकदा धरला होता. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘‘अरे, आत जायला काही काम असावं लागतं.’’ ते एका कचेरीत कारकून होते. काम असल्याखेरीज कुठे जाऊ नये, हे त्यांच्या अंगी मुरलेले होते.

त्या कठड्यावर त्यांनी सांगितलेली एक कथा आपणही ऐकली असेल. नकाशा कोणा गोऱ्या साहेबाने काढला, तो विलायतेस गेला असता इकडे इमारत उलटी बांधली गेली, तोंड समुद्राकडे यायचे ते शहराकडे गेले, आणि परत आल्यावर साहेबाने जीव दिला! मुंबईतल्या प्रत्येक बापाने ती आपल्या मुलांना सांगितली असावी. कथा चटकदार आहे. मात्र ती खरी नाही.

वस्तुस्थिती अशी की, जमशेटजी टाटांच्या या हॉटेलाचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांनी केले. काम पुरे होण्यापूर्वी वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते तडीस नेले. हॉटेल उघडले 16 डिसेंबर 1903 रोजी. समोरचे गेटवे ऑफ इंडिया पुरे झाले ते 1924 साली. म्हणजे ज्याच्या शेजारी हे हॉटेल आहे असे आपण सांगतो, तेच हॉटेलापेक्षा 21 वर्षांनी धाकटे! दरवाजा शहराच्या अंगास होता तो चुकून नव्हे, योजून. पाहुण्यांच्या घोडागाड्या तिकडूनच येत. पुढे प्रवेश समुद्राकडून झाला आणि जुन्या दाराच्या जागी आज पोहण्याचा तलाव आहे.

ही माहिती मला नोकरीनिमित्त शिलाँगला असताना एका पुस्तकात मिळाली. तोवर अण्णा गेलेले होते. आमच्या मजल्यावरही एक वैद्य राहत. ज्या वास्तूसमोर अण्णा दर महिन्याला परक्यासारखे उभे राहिले, तिचा नकाशा प्रथम कागदावर उतरविणारा माणूस शेजारच्या बिऱ्हाडात शोभेल अशा नावाचा होता, हे त्यांना कोणीच सांगितले नाही. सांगितले असते तरी ते आत गेले असते असे नाही. परंतु कथा निराळी सांगितली असती.

हॉटेलातील सुखसोयींचे वर्णन मी करीत नाही. जाहिरातीत ते अधिक चांगले केलेले असते. मला भावला तो जुन्या इमारतीतला मधला जिना. घुमटाच्या पोकळीत तो मजल्यामागून मजले असा चढत जातो की त्याला आधार कशाचा हे चटकन उमगत नाही. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत 600 खाटांचे इस्पितळ होते. आणि 2008 च्या नोव्हेंबरात हाच घुमट धुरात वेढलेला आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. मी तेव्हा हैदराबादला होतो. तीन दिवस घरात कोणाचे जेवणात लक्ष नव्हते. येथे प्राण गमावलेल्या 31 जणांची नावे हॉटेलात कोरलेली आहेत. त्यांपुढे आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. सौ.ने पायातल्या चपला काढल्या. मी काही बोललो नाही.

सामान घेऊन आलेला मुलगा प्रथम इंग्रजीत बोलत होता. आमचे आपसांतले बोलणे कानी पडताच त्याने विचारले, ‘‘साहेब, आपण कुठले?’’ मी म्हणालो, ‘‘गिरगावचा.’’ तो हसून म्हणाला, ‘‘मग इथं कसे राहिलात?’’

प्रश्न सरळ होता. अण्णांच्या पश्चात खोली सुटली, पुढे चाळही पाडली गेली. माझ्या सेवापुस्तिकेत ‘स्वग्राम’ या रकान्यात अजून मुंबई आहे. रजा-प्रवास सवलत मी तिच्याच नावे घेत आलो. पण त्या स्वग्रामात रात्री पाठ टेकावी असे ठिकाण उरले नाही. हॉटेलाच्या नोंदणीपत्रावर ‘कायमचा पत्ता’ असा रकाना होता. तेथे मी कानपूरच्या सरकारी निवासस्थानाचा पत्ता लिहिला; तोही निवृत्तीनंतर रिकामा करावयाचा आहे. येथे बसलेल्या अनेकांनी हा रकाना असाच भरला असेल.

पहाटे सौ.ला उठवून मी रस्ता ओलांडला आणि कठड्याशी गेलो. अण्णांची जागा अदमासाने सापडली. तेथून वळून मी आमच्या खोलीची खिडकी शोधू लागलो. सौ. म्हणाली, ‘‘अहो, ती इकडून कशी दिसेल? आपली खोली शहराच्या बाजूला आहे.’’ मुलीने माफक दराची खोली घेतली होती. म्हणजे वैद्यांच्या जुन्या दाराच्या अंगाची.

मग आम्ही शेंगदाणे घेतले. पुडी संपेपर्यंत तेथेच बसलो.