बैठी नोकरी आणि बारा आठवड्यांचा नेम
(शासकीय कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



सरकारी सेवेत रुजू होताना उमेदवाराची वैद्यकीय तपासणी होते व त्याची प्रकृती धडधाकट असल्याचा दाखला घेतला जातो. पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्याची प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक रजा आणि प्रत्येक बदली कागदावर येते. कमरेच्या घेरात झालेली वाढ मात्र कोठेच नोंदली जात नाही. ती प्रथम कळते ती शिंप्याला.

शिंप्याच्या मापाला शास्त्रातही मान मिळालेला आहे. लंडनमध्ये दुमजली बसगाड्यांचे चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढत-उतरत. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले की, वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी होते. १९५६ साली त्यांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरपट्टा अधिक रुंद असल्याचे आढळले.

त्याच वर्षी बंगालमधील एका ज्यूट गिरणीतील कामगारांच्या आहाराचा अभ्यास डॉ. जाँ मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. श्रम कमी झाले की भूकही त्या मानाने कमी होईल, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात अगदी बैठे काम करणारे लोक हलकी मेहनत करणाऱ्यांपेक्षा अधिक खात होते व त्यांचे वजनही अधिक होते. याचा अर्थ असा की, हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा अंदाज विश्वासार्ह राहत नाही. म्हणूनच ‘भूक लागेल तेवढेच खातो’ हा बैठ्या माणसाचा खुलासा प्रामाणिक असला तरी पुरेसा नसतो.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांची एक तुलना २००४ साली प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी एकाची ९.१ टक्के, तर भारतीयाची २१.२ टक्के होती. अंगकाठी बारीक दिसली तरी चरबी पोटात साठू शकते. म्हणून भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या पुढे जास्त वजनाचा आणि २५ च्या पुढे स्थूलतेचा मानला जातो. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा, अशी शिफारस आहे.

गोमंतकाला हा प्रश्न परका नाही. देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता, प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. दर चार प्रौढांमागे एक असा हा हिशेब आहे. कारणे अनेक असतील. परंतु दिनक्रमातील बदल उघड आहे. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोट धरायची आणि पणजीस उतरून कचेरीपर्यंत पायी जायचे, हा अनेकांचा एके काळचा नित्यक्रम होता. आता दुचाकी दारातून निघते ती कचेरीच्या दारातच थांबते. ताटातील शीतकडीचा ढीग मात्र शेतावर राबणाऱ्या आजोबांच्या मापाचाच राहिला, आणि त्यावर दुपारचा सामोसा व गोड चहा यांची भर पडली.

अशा वेळी एखाद्या सोमवारी अचानक निश्चय होतो. भात बंद, रात्रीचे जेवण बंद, पहाटे धावणे सुरू! दहाव्या दिवशी गुडघा दुखतो, पंधराव्या दिवशी जत्रा किंवा लग्न येते आणि निश्चय संपतो. वर्षानुवर्षे साठत गेलेले वजन पंधरा दिवसांत उतरवू पाहणे हीच मूळ चूक होय. येथे निश्चयापेक्षा नियोजन उपयोगी पडते. त्याची मुदत बारा आठवड्यांची धरावी.

पहिला आठवडा केवळ नोंदीचा. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. दिवसभरात तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ वहीत लिहावा, सभेतील बिस्किटेही. आहारात बदल करू नये. वही पाहूनच पुष्कळांचे डोळे उघडतात.

दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यात जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालावे आणि दर तासाला एकदा खुर्ची सोडावी. चौथ्यापासून चालणे वाढवीत आठवड्यातील पाच दिवस, रोज अर्धा तास करावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे अशी पूर्ण होतात. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. सातव्या आठवड्यापासून दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम जोडावेत. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे ही उत्तम सुरुवात आहे.

केवळ चालण्याने वजन फारसे उतरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अर्ध्या तासाच्या चालण्यात जेवढे उष्मांक खर्च होतात, त्याहून अधिक एका मोठ्या सामोशात असतात. म्हणून ताटाची मांडणी बदलावी. अर्धे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव भाग भात किंवा पोळीचा, उरलेला पाव भाग मासळी, डाळ वा कडधान्याचा. मासळी तळण्याऐवजी हुमणात घ्यावी, खोबरे मोजून वाटावे. चहातील साखर टप्प्याटप्प्याने काढावी. मद्याचेही उष्मांक असतात, हे विसरू नये.

ध्येय माफक असावे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व ७६ किलो वजनाच्या गृहस्थाने प्रथम चार किलो, म्हणजे सुमारे पाच टक्के, उतरवावेत. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी समाधान मानावे. काही आठवड्यांनी काटा अडतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. तेव्हा निराश होऊन नेम मोडू नये. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार व हालचालीतील सुधारणेने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात विशेष घट झालेली नसताना! काटा जे सांगत नाही, ते शरीर आतून करीत असते.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहार घटविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. साखर एकाएकी खाली जाऊ शकते. चालताना छातीत दुखल्यास किंवा दम लागल्यास थांबावे व तपासणी करून घ्यावी.

यात कचेऱ्यांनाही वाटा उचलता येईल. बैठकीत बिस्किटांऐवजी फळ ठेवणे, एका मजल्याची फाईल शिपायाकरवी न पाठवता स्वतः नेणे, यांसाठी कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

सेवानिवृत्तीच्या दिवशी कर्मचाऱ्याला शाल, श्रीफळ व निवृत्तिवेतनाचा आदेश मिळतो. ते निवृत्तिवेतन औषधांच्या दुकानात जावे की नातवंडांसह मिरामारच्या किनाऱ्यावर फिरण्यात खर्च व्हावे, हे पुष्कळ अंशी आजच्या दिनक्रमावर ठरते. वहीचे पहिले पान आज रात्रीच्या जेवणापासून सुरू करता येईल.