हमी सरकारची, पण खिडकी कुणाची?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



रेल्वेत आणि टपाल खात्यात फौजेतून आलेले आपले सहकारी पुष्कळ आहेत. म्हणून आज अमेरिकेतील माजी सैनिकांच्या घरकर्जाविषयी बोलतो.

ही योजना सरकारच्या दयाळूपणातून जन्मली असे कुणी समजू नये. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना सरकारने बोनस कबूल केला होता, पण तो मिळायचा होता १९४५ साली. मंदीत उपाशी मरणारे हजारो माजी सैनिक १९३२ मध्ये बायकामुलांसह वॉशिंग्टनला धडकले आणि झोपड्या घालून बसले. सरकारने त्यांच्यावर फौज घातली. अश्रुधूर, घोडदळ, रणगाडेसुद्धा! त्या उन्हाळ्याची आठवण राज्यकर्त्यांना पुढे बारा वर्षे पुरली. दुसरे महायुद्ध संपण्याआधीच, २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी माजी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली.

आता यातली मेख पाहा. सरकार कर्ज देत नव्हते. कर्ज बँकेचे, सरकारची फक्त हमी. कर्जाच्या निम्म्या रकमेपर्यंत, पण जास्तीत जास्त २,००० डॉलर. ही मर्यादा १९४५ च्या अखेरीस ४,००० डॉलर झाली. व्याज ४ टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाही. हमी असल्यामुळे सुरुवातीला पदरचा पैसा न भरताही घर घेता येई. १९५२ पर्यंत अशी सुमारे २४ लाख घरकर्जे दिली गेली. भाड्याच्या खोलीत जन्म काढणारा कामगार घरमालक झाला, हे मान्य केलेच पाहिजे.

पण कोणता कामगार? कायद्यात काळा-गोरा असा शब्दही नव्हता. मात्र अर्ज घेऊन जायचे ते गावच्या बँकेत, आणि खिडकीपलीकडचा गोरा साहेब काळ्या सैनिकाला परत पाठवी. मिसिसिपी राज्यातील १३ शहरांची १९४७ साली पाहणी झाली. हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांना किती? दोन. दोनशे नव्हे, दोन! न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाऊन या नव्या वसाहतीच्या करारात तर गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये, असे कलमच होते. घरविक्रीतील असा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा यायला १९६८ उजाडले.

आपल्याकडची घरबांधणी उचल वेगळी आहे. ती बँकेच्या हमीवर नाही, मालक म्हणून सरकारच देते. २०१७ च्या नियमांनी तिला ३४ महिन्यांचा मूळ पगार किंवा २५ लाख रुपये अशी कमाल मर्यादा घातली. बँकेची पायरी टळते, हा मोठाच फायदा. पण ग्रामीण डाक सेवक नियमित सेवेबाहेर धरलेला. टपाल तोच वाटतो, उचल मात्र दुसऱ्याला! आपली खिडकी इथे आहे आणि युनियनने तिथेच उभे राहायला हवे.

अमेरिकेत २०२१ साली एक विधेयक मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धातील काळ्या सैनिकांच्या विधवांना आणि वंशजांना तरी ही हमी द्या, अशी त्यात मागणी होती. ते सैनिक बहुतेक गेले होते. त्या काँग्रेसच्या मुदतीत विधेयक मंजूर झाले नाही.