धुराचा हिशेब कोण चुकता करणार?

(कार्यकर्ता-शिबिरातील भाषणाचा मजकूर)



झरी जामणी तालुक्याच्या परिसरात निसर्गाने तीन दगड एकमेकांशेजारी ठेवले आहेत. मार्की-मांगलीचा कोळसा, मुकुटबनचा चुनखडक आणि यवतमाळ जिल्ह्याच्या मोठ्या भागावर पसरलेला काळा बेसाल्ट. पहिला जाळला की वीज होते, दुसरा भाजला की सिमेंट होते. आणि या दोन्हींतून निघणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, तिसऱ्याच्या पोटात कायमचा पुरता येईल काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. ऊर्जा-परिवर्तनाचा जो वाद दिल्लीत आणि परदेशी परिषदांत चालतो, तो अशा रीतीने कोलामांच्या पोडावर आणि कापूसकऱ्याच्या बांधावर येऊन ठेपला आहे.

या वादात दोन तोडगे आग्रहाने मांडले जातात. कोळशाऐवजी नैसर्गिक वायू जाळावा, हा पहिला. धुरातील कर्बवायू वेगळा करून जमिनीखाली साठवावा, हा दुसरा. दोन्हींमागे शास्त्र आहे. तेव्हा ‘भांडवलदारांची चाल’ म्हणून ते झिडकारणे सोपे असले, तरी पुरेसे नाही. प्रत्येकाची मर्यादा कोठे आहे आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम वायूचा विचार. तेवढ्याच विजेसाठी वायू जाळल्यास कोळशाच्या सुमारे निम्माच कर्बवायू निघतो, हे खरे. परंतु नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो विहिरीतून वा वाहिनीतून न जळता निसटला, तर वीस वर्षांच्या काळात वजनास वजन कर्बवायूच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता रोखून धरतो. गळती वाढली की निम्म्याचा हा फायदा विरून जातो.

वायूच्या अर्थकारणाचा धडा तर महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून घेतलेला आहे. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, तोही वायूवर नव्हे, नॅफ्थ्यावर. डॉलरशी बांधलेल्या दरांखाली मंडळ वाकले. मे २००१ मध्ये निर्मिती थांबली आणि त्याच डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे वाजले. २००५ मध्ये सार्वजनिक कंपन्यांना हा डोलारा सावरावा लागला. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू आटू लागताच तो पुन्हा थंडावला. मुंबई हायच्या देशी वायूवर उभारलेले ६७२ मेगावॅटचे उरण केंद्रही पुरेशा वायूअभावी पूर्ण क्षमतेने चालत नाही. देशाच्या गरजेचा जवळजवळ निम्मा वायू आयात होतो. युक्रेनच्या युद्धानंतर, २०२२ मध्ये, श्रीमंत युरोपने चढ्या भावाने जहाजे आपल्याकडे वळवली आणि पाकिस्तानसारखा देश अंधारात राहिला. सूर्य मावळल्यावरची विजेची मागणी भागविण्यापुरते वायूला स्थान असू शकेल. पण ते काम कोयनेचे आणि घाटघरचे पाणीही करते आणि त्याचे बिल डॉलरमध्ये येत नाही.

आता कर्बवायू पुरण्याचा प्रश्न. येथे वीज आणि सिमेंट यांत भेद केला पाहिजे. कोळशाच्या वीजकेंद्रावर हे यंत्र बसविले, तर केंद्राच्या विजेचा मोठा हिस्सा ते यंत्रच खाते. अमेरिकेतील पेट्रा नोव्हा प्रकल्पात पकडलेला वायू तेलविहिरीत घालून अधिक तेल काढले जाई. २०२० मध्ये तेलाचा भाव कोसळताच तो बंद पडला आणि २०२३ पर्यंत बंदच राहिला. विजेला सूर्य आणि वारा हे पर्याय असताना हा खटाटोप म्हणजे कोळशाच्या खाणीला मुदतवाढ देण्याचे निमित्त ठरण्याचा धोका आहे.

सिमेंटची गोष्ट निराळी आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कर्बवायू दगडातूनच बाहेर पडतो. भट्टी कोळशाऐवजी वायूवर चालवली, सौर विजेवर चालवली, तरी या ४४ किलोंत घट होत नाही. २०२२ मध्ये मुकुटबनला वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. अशा भट्ट्यांना मात्र कर्बवायू पकडण्यावाचून दुसरा मार्ग फारसा नाही. नॉर्वेतील ब्रेविक येथे सिमेंट कारखान्यावर असा प्रकल्प २०२५ मध्ये सुरू झाला. वर्षाला चार लाख टन वायू पकडून समुद्रतळाखाली पुरण्याची त्याची क्षमता आहे. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला, ही बाब विसरता कामा नये.

येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. जनतेच्या पैशाने धूर पुरायचा असेल, तर जनतेचा हक्क कशावर? आइसलँडमध्ये बेसाल्टात सोडलेला कर्बवायू दोन वर्षांच्या आत दगड झाला, हे सिद्ध झाले आहे. उद्या दख्खनच्या बेसाल्टात तसेच करायचे ठरले, तर त्या जमिनीवरच्या ग्रामसभेला विचारले जाणार आहे काय? १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनाधिकार कायदा यांनी दिलेले अधिकार भूगर्भाच्या दाराशी थबकणार काय?

दुसरा प्रश्न खाण-कामगाराचा. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला स्वामित्वधनाच्या दहा ते तीस टक्क्यांइतकी रक्कम मिळते. हा निधी खाण चालू असेतोवरच येतो. कोळसा ज्या दिवशी थांबेल, त्याच दिवशी मजुरी, ट्रकची भाडी, चहाची टपरी आणि हा निधी, सारे एकदम थांबेल. मग या निधीचा ठरावीक हिस्सा आजच वेगळा काढून पर्यायी रोजगारासाठी राखून का ठेवू नये?

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. नव्या वायूकरारात परकीय चलनाचा धोका ग्राहकावर टाकू नये. कर्बवायू पकडण्यासाठी सार्वजनिक पैसा द्यायचा, तर तो सिमेंटसारख्या निरुपाय उद्योगालाच, आणि मालकी-हिश्श्याच्या बदल्यात. भूगर्भातील साठवणुकीला ग्रामसभेची संमती असावी. खाण बंद होण्यापूर्वी कामगाराच्या पुढच्या कामाची तरतूद व्हावी. यात कंत्राटी कामगारही आला.

धूर आकाशात सोडताना कोणी गावाला विचारले नव्हते. तो जमिनीत पुरताना तरी विचारावेच लागेल, एवढी जाग तालुक्यातालुक्यात निर्माण करणे हे कार्यकर्त्याचे आजचे काम आहे.